पाठमोरा

मी चेहरे काढत नाही.
चेहरे उगाकी-सेन्सेई काढतात,
आणि नायकाचे केस, जे वारा नसला तरी उडतात.
माझ्याकडे विजेचे खांब, तारा, जिने, कुंपणं, ढग
आणि गर्दी. म्हणजे डोक्यांच्या मागच्या बाजू.
एकोणीस वर्षं नेरिमातल्या या दुसऱ्या मजल्यावर
दौतीत टाक बुडवून
मी जगाची पाठ रंगवते आहे.

पोरगा तलवार उपसतो
तेव्हा त्याच्याभोवतीच्या वेगाच्या रेषा माझ्या.
पट्टी धरून एकेक ओढलेल्या, दोनशेच्या वर.
वाचणारा त्या अर्ध्या सेकंदात ओलांडतो.
ओलांडाव्यातच. त्यासाठीच असतात.

तोमेझो बाराव्या भागात आला.
सार्वजनिक न्हाणीघराचा बंब पेटवणारा म्हातारा,
मानेवर टॉवेल, डाव्या कानाची पाळी तुटकी.
काम एवढंच, की पोराचा हरवलेला बूट परत द्यायचा
आणि म्हणायचं, "ओला आहे. वाळवून घाल."
दोन चौकटींचा धनी.
पण सेन्सेईंचा जीव जडला, आणि तो राहिला,
सदतिसाव्या भागापर्यंत मागच्या अंगणात लाकडं फोडत.

मग वाचकांची मतं घसरली.
संपादक हिसामात्सु आला, बुटांसकट दारातच उभा.
"कोणीतरी मरायला हवं," म्हणाला,
"नायक रडला की आकडे चढतात.
म्हातारा चालेल."

मारायला तीन पानं लागली.
शेवटच्या चौकटीत माणूस नाही, नुसती अक्षरं: शीऽऽन.
आमच्याकडे शांततेलाही आवाज असतो,
तो काढावा लागतो,
नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं शाई संपली.
मी विझलेला बंब काढला,
ठिपक्यांचा करडा कागद कापून राखेवर चिकटवला.
आकडे चढले.
दोन आठवडे.

त्याच्यासाठी चार पोस्टकार्डं आली.
एक नेमुरोहून, पेन्सिलीने, कांजी न येणाऱ्या हाताचं:
"आता बंब कोण पेटवतं?"
खाली नाव, फुकियो. वय सात.

एकेचाळिसाव्या भागात मासळीबाजार होता.
बाजार माझा.
पहाटे चारला, बाकीचे टेबलाखाली झोपलेले असताना,
टोपल्यांच्या मागे मी एक मान काढली.
मानेवर टॉवेल. डावा कान तुटका.
नखाएवढा, पाठमोरा.
मग फेरीबोटीवर. मग फटाक्यांच्या रात्री नदीकाठी.
मग एकदा खुद्द त्याच्याच स्मृतिदिनाला,
देवळाच्या पायऱ्यांवर,
रांगेत शेवटचा.

सेन्सेई काही बोलले नाहीत.
(इथेही खरं तर शीऽऽन लिहायला हवं.)
पण सत्तराव्या भागापासून कच्च्या पानावर,
निळ्या पेन्सिलीने, जी छापली जात नाही,
गर्दीच्या जागी ते लिहू लागले,
"माणसं, साधारण तीस."
आणि खाली, बारीक,
"अधिक एक."

गेल्या हिवाळ्यात मालिका बंद झाली.
शेवटचं पान: रात्र, बर्फ, डोंगरातला बसथांबा.
पोरगा मोठा झालेला, हातात तलवार नाही, छत्री.
आणि थांब्याच्या कडेला एक निळं वर्तुळ, अंगठ्याएवढं.
"चेहरा. तू काढ."

टाकाच्या टोकावर शाई वाळली. धुतला. पुन्हा वाळली.
हनुवटी आधी की डोळे,
हजारदा पाहिलं होतं,
हाताला ठाऊक नव्हतं.
खाली वर्तमानपत्रवाल्याची मोटारसायकल येऊन गेली.

मी त्याला पाठमोराच ठेवला.
फक्त टॉवेलच्या पुढे, तोंड असेल त्या बाजूला,
रात्रीच्या काळ्यावर
पांढऱ्या शाईचे तीन ठिपके सोडले,
एकाहून एक पुसट,
थंडीत श्वास दिसतो तसे.